चहापुरतं पाणी

हॉरेस टॅटरसॉलने आयुष्यात कुणाकडे मदत मागितली नाही. त्यामुळे दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात तो टोपी हातात घेऊन माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"एव्हिस, तुझे गुडघे कसे आहेत?"

"जागेवर आहेत. का?"

"वाकतात का?"

"अरे मेल्या, बाहत्तर वर्षांच्या बाईला दारात उभं करून हे विचारतात?"

तो हसला नाही. उजवा खांदा डाव्या हाताने दाबून धरत म्हणाला, "डचेसखाली शिरायचंय. पाणी काढायचंय. माझा हात वर जात नाही."

डचेस म्हणजे त्याची मोटरहोम. एकाहत्तर सालची, फिक्कट पिवळ्या रंगाची, नाकाडी. आत दोन माणसं झोपतील एवढा बिछाना, दोन शेगड्यांची चूल, पायाने दाबायचा पाण्याचा पंप आणि बिछान्याखालच्या पेटाऱ्यात पाणी तापवायचा छोटा तांब्याचा बंब. बंब आरशासारखा घासलेला असायचा, जरी तो पेटाऱ्यात कुणाला दिसत नसे. तसले बंब बनवणं बंद होऊन तीस वर्षं झाली होती. हॉरेस म्हणायचा, माझं गुडघ्याचं हाड नवीन मिळेल, हा मिळायचा नाही.

ही गाडी मूळ आमच्या मंडळीची. धक्क्याच्या टोकावर आमचे उन्हाळी खेळ चालत. गाणी, नकला, जादू, मध्येच नाच. मी गाणारी. हॉरेस रंगमंचाचा सुतार, त्याची बायको म्युरिएल कपडेपटाची मालकीण. खेळ नसले की आम्ही गावोगाव फिरायचो, आणि जिथे थिएटरात कपडे बदलायला जागा नसे, तिथे डचेस मागच्या गल्लीत उभी राही. तिच्या आरशासमोर मी किती वेळा तोंड रंगवलं असेल, आणि किती वेळा त्याच आरशासमोर रडून ते धुतलं असेल, ते त्या आरशालाच माहीत. एकोणऐंशी साली मंडळी मोडली. मॅनेजरने सगळ्यांना एकेक वस्तू आठवण म्हणून दिली. मला एक पंखा मिळाला. डचेस कुणी घेईना, ती हॉरेसने घेतली.

मग तो बसडेपोत फिटर म्हणून लागला, इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, नॉट एंडला नदीच्या मुखाशी त्यांनी एक बैठं घर घेतलं, आणि घराच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, डचेस उभी राहिली. तीस हिवाळे. समुद्र दोन शेतांवर. वारा खारा, पाऊस आडवा. अशा जागी लाकडी सांगाड्याची गाडी टिकवायची म्हणजे आजारी माणूस सांभाळण्यासारखं आहे. रोज काही करावं लागत नाही, पण एक दिवस विसरून चालत नाही.

म्युरिएल तिला "माझी सवत" म्हणायची.

"तीस वर्षं माझ्या खिडकीतला उजेड खातेय ही बया," ती म्हणायची. "भांडी घासताना मला समुद्र दिसला असता. दिसतं काय? हिची पाठ."

आणि त्या वर्षी म्युरिएलने निकाल लावला होता. वसंतात दोघं विंडरमिअर तळ्याच्या बाजूला गेले होते. गादी कुबट लागली, म्युरिएलच्या छातीत कफ धरला, पाच आठवडे ती खोकत होती. बरी झाल्यावर तिने टेबलावर दोन्ही हात ठेवून सांगितलं. मी तिथेच बसले होते, मला साक्षीला धरूनच सांगितलं.

"हॉरेस, मार्चच्या पहिल्या रविवारी मी त्या गाडीत येईन. नाकाने तपासेन. कुबट वास आला, तर विकायची. रडायचं नाही, भांडायचं नाही. नाही आला, तर मे महिन्यात तुझ्याबरोबर ऑबनला येईन."

ऑबन म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. दोघांना लग्नापासून तिथे जायचं होतं. कधी खेळ आडवे आले, कधी डेपो, कधी गाडीचा गिअर. एकदा तर अर्ध्या वाटेवरून परत आले, कारण माझ्या आईचं निधन झालं आणि म्युरिएलला माझ्याजवळ यायचं होतं. हॉरेस सत्त्याहत्तर वर्षांचा झाला होता. त्याला दुसरं काही नको होतं. एकदा म्युरिएलला शेजारच्या सीटवर बसवून ऑबनला न्यायचं, बस्स. आणि त्यासाठी डचेसला हा एक हिवाळा कोरडी ठेवायची.

म्हणून तो माझे गुडघे विचारायला आला होता.

पाणी काढायचा दिवस हा आमच्याकडे घरगाडीवाल्यांचा सण म्हणा, सुतक म्हणा, दोन्ही असतो. थंडी पडायच्या आत गाडीतला पाण्याचा थेंब न् थेंब बाहेर गेला पाहिजे. नळ्यांत राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि नळी फोडतं. हॉरेस बाहेर खुर्ची टाकून बसला आणि मला दिग्दर्शकासारखा हुकूम सोडू लागला. मी जुन्या पडद्याच्या कापडावर पाठ टेकून गाडीखाली.

"डावीकडे पितळी चावी दिसली?"

"मला फक्त चिखल दिसतोय."

"चिखलाच्या वर."

"चिखलाच्या वर गंज आहे."

"गंजाच्या मागे."

"हॉरेस, मी इथेच मेले तर म्युरिएलला सांग, निळा पोशाख घालायचा, हिरवा नाही."

"हिरवा तुला होत नाही आता," खिडकीतून म्युरिएलचा आवाज आला. भांडी घासत ती सगळं ऐकत होती.

चावी सुटली आणि गार पाणी थेट माझ्या बाहीत शिरलं. मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हॉरेस पहिल्यांदा हसला.

मग सगळे नळ उघडे टाकायचे आणि गाडी घेऊन समुद्राच्या बांधाकडे जाणाऱ्या खडबडीत रस्त्याने एक फेरी मारायची. ही युक्ती नवशिक्यांना माहीत नसते. उभ्या गाडीतून सगळं पाणी जात नाही, कोपऱ्याकोपऱ्यात दडून बसतं. खड्ड्यांतून गाडी हादरली की ते दडलेलं पाणी खुळखुळत बाहेर पडतं. हॉरेसने डाव्या हाताने चाक धरलं, उजवा मांडीवर ठेवला, आणि आम्ही धडधडत निघालो. कपाटांची दारं आपटत होती, चमचे वाजत होते, आणि आमच्या मागे रस्त्यावर पाण्याची बारीक रेघ उमटत होती.

परत आलो तेव्हा बाही ओली, पाठ ओली, दातावर दात वाजत होते. मी म्हटलं, "आता चहा."

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. मोसमातला शेवटचा चहा गाडीतच करायचा, गाडीच्या नळाच्या पाण्याचा, गाडीच्या चुलीवर, अशी आमच्या मंडळीची रीत. त्याशिवाय मोसम मिटत नाही. एरवी हॉरेस पाणी काढायच्या आधीच किटली भरून बाजूला ठेवायचा. त्या दिवशी खांद्याच्या दुखण्यात त्याचा क्रम चुकला. किटली रिकामी.

"घरातून आणतो," तो म्हणाला.

"घरचा चहा म्हणजे घरचा चहा," मी म्हटलं. "रीत ती रीत."

मग त्याने चाव्या पुन्हा बंद केल्या, घरातून पाण्याचा कॅन आणला आणि टाकीत ओतला. मी पायाने पंप दाबला. नळाने खोकल्यासारखं केलं आणि पाणी आलं.

चहा झाला. सोबत पार्किन होता, आमच्याकडे थंडी लागली की होतो तो आल्याचा चिवट केक. खिडकीच्या काचांवर वाफ धरली. गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या, म्हणून आम्ही फळीवर बसलो. मंडळीच्या दिवसांत बसायचो तसेच.

"टाकीत अजून थोडं राहिलंय," हॉरेस म्हणाला. "काढायला हवं. परत शिरतेस का खाली?"

माझी बाही अजून वाळली नव्हती. मी म्हटलं, "रविवारी तपासायला यायचंच आहे ना? चहापुरतं राहू दे की. थंडी कुठे पडलीय अजून?"

तीस वर्षं लोकांना या एका वाक्यासाठी झापणारा माणूस. शेजारच्या गावातला एकजण असंच चहापुरतं पाणी ठेवून बसला होता, तेव्हा हॉरेसने त्याला भर दुकानात विचारलं होतं, तुझ्या घरात किटली नाही का? तोच हॉरेस खांदा चोळत म्हणाला, "राहू दे. थंडी पडायच्या आधी काढू."

तो दमला होता. मला ते दिसायला हवं होतं. मला चहा दिसत होता.

मग दर रविवारी जेवण झालं की मी जायची. कामं ठरलेली. चारी चाकांना लाकडी पाचर लावलेली असायची, कारण ओढून ठेवलेला हँडब्रेक हिवाळ्यात चिकटून बसतो. त्या पाचरी हॉरेसने आमच्या जुन्या सेटच्या लाकडातून कापल्या होत्या. एकीवर अजून राजवाड्याचा सोनेरी रंग होता. पाचर काढायची, सेट सरकवायची जुनी पहार चाकामागे घालायची आणि मी माझं सगळं वजन तिच्यावर टाकायचं. गाडी वीतभर सरके. टायरवर खडूची खूण असायची, ती खालून थोडी वर सरकली की झालं. एकाच जागी उभं राहून टायर चपटा होतो. "माणसासारखाच," हॉरेस म्हणायचा.

फ्रिजचं दार लाकडी चमच्याने किलकिलं ठेवलेलं असे. ओल शोषायला चार वाडग्यांत मीठ. म्युरिएलचे सूपचे वाडगे होते ते, त्यावरूनही बोलणी बसायची. कोरडा वारा असेल त्या दिवशी सगळी दारं-खिडक्या उघडायच्या. बॅटरी घरात फडताळात, जुन्या शालीत गुंडाळलेली. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तीस तारखा लिहिलेल्या होत्या, प्रत्येक हिवाळ्याची एक. त्यांच्याखाली त्या वर्षीची.

आणि शेवटी चहा.

अशाच एका रविवारी बसल्या बसल्या मी विचारलं, "खांदा कधीपासून?"

"जुना आहे."

किती जुना ते त्याने सांगितलं नाही. मला म्युरिएलनेच पूर्वी सांगितलं होतं, तेही त्या घटनेनंतर वीस वर्षांनी. अडुसष्ट सालची गोष्ट. राजवाड्याचा देखावा होता, मी पुढे उभी राहून गात होते. मागचा खांब सुटला आणि अख्खा राजवाडा माझ्या डोक्यावर यायला निघाला. हॉरेसने तो मागून उजव्या खांद्यावर झेलला आणि धरून उभा राहिला. मला काही कळलं नाही. गाणं संपलं, वन्स मोअर आला, आणि मी ते गाणं पुन्हा म्हटलं. सगळी कडवी. तो मागे राजवाडा घेऊन उभा.

खेळ संपल्यावर त्याने मला सांगितलं होतं, "आज आवाज छान लागला होता तुझा."

थंडी नोव्हेंबरच्या शेवटी आली, ती अशी की जुन्या लोकांनाही जुन्या थंड्या आठवेनात. नदीच्या काठावर बर्फाची साय धरली. नदीपलीकडे फ्लीटवुडला जाणारी होडी दोन दिवस बंद. मी तापाने पडले आणि दोन रविवार गेले नाही. टीव्हीवर उणे दहा सांगत होते. पडल्या पडल्या मला पाण्याची आठवण झाली. वाटलं, हॉरेसने काढलं असेल. तो कसा विसरेल? हॉरेसला वाटलं होतं, शेवटच्या रविवारी म्युरिएलने त्याला आत बोलावलं, तेव्हा निघताना मी चावी उघडली असेल. कारण मी म्हटलं होतं, "मी आवरते, तू जा." मी आवरले ते कप.

नाटकात असं होतं कधी कधी. दोन नट समोरासमोर उभे, दोघंही दुसऱ्याच्या वाक्याची वाट बघताहेत. प्रेक्षकांना वाटतं, काय सुंदर शांतता आहे.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी मी गेले. पंपावर पाय ठेवला. पंप दगड झाला होता.

"हॉरेस, तू..."

"तू नाही काढलंस?"

बस, एवढंच बोललो. त्याने बिछान्याची फळी उचलली, पेटाऱ्यात हात घातला आणि बंबावर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. बराच वेळ ठेवला.

"फुटला का?"

"बर्फ आहे तोवर कळत नाही. बर्फच धरून ठेवतो. वितळलं की कळेल."

"मी केलं हे. माझ्या चहाने."

"चाव्या मी बंद केल्या," तो म्हणाला. "पाचर घाल तेवढी."

नाताळ झाला आणि दोन दिवसांनी बर्फ सुटलं. बंब सांध्यावर उभा चिरला होता, नखाएवढी फट. पाणी फार नव्हतं, दोन-अडीच किटल्या असेल. पण ते सगळं फळीखाली गेलं आणि चाळीस वर्षांच्या लाकडाने ते पिऊन टाकलं.

जानेवारी आणि फेब्रुवारी हॉरेस त्या पेटाऱ्याशी झगडत राहिला. जुने टॉवेल दाबून ठेवायचे, पिळायचे, पुन्हा ठेवायचे. रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून लाकडावर ठेवायचं. घरातून वायर ओढून छोटा हीटर लावायचा. मिठाचे वाडगे चाराचे आठ झाले. एका हाताने फळी उचलायची, म्हणून ती गुडघ्यावर, मग डोक्यावर तोलायची. मी असले तर मी धरायची. रोज मला जमत नव्हतं. त्यालाही जमत नव्हतं, पण तो करत होता. कधी मी जायची तेव्हा तो पेटाऱ्याच्या काठावर नुसता बसलेला असायचा. टॉवेल हातात, डोळे उघडे.

"झोपलास का?"

"बसलोय."

"घरात बस की."

"घरात बसलो तर परत उठवणार नाही मला."

फेब्रुवारीच्या शेवटी लाकूड वरून कोरडं लागत होतं. पण दार लावून पाच मिनिटं आत बसलं की यायचाच. मंद, मातकट. बंद थिएटरात पावसाळी दुपारी येतो तसा वास.

मी म्हटलं, "लॅव्हेंडरचं पॉलिश लावू या. आदल्या दिवशी केक भाजू इथे. दालचिनी टाकून. आपण नाटकवाले आहोत, हॉरेस, रंग लावून भिंतीचा राजवाडा केलाय आपण."

"वीस वर्षं घामाच्या कपड्यांत वावरलेलं नाक आहे ते."

"प्रयत्न तर करू."

"नको," तो म्हणाला. "तिने सांगितलं तेव्हा काही लपवलं नव्हतं. मीही लपवणार नाही."

मार्चचा पहिला रविवार. ऊन होतं, पण ऊब नव्हती. म्युरिएल कोट, टोपी, हातात पर्स, अशी चर्चला निघाल्यासारखी आली. हॉरेसने पायरी लावली आणि डावा हात पुढे केला. तिने तो धरला, वर चढली आणि दार स्वतः ओढून घेतलं. आत आम्ही तिघं.

ती एकेक कपाट उघडत गेली. नाक आत घालायचं, थांबायचं, बंद करायचं. कपाटाच्या दारावरच्या तारखा तिने वाचल्या, बोट फिरवून, अगदी पहिल्या तारखेपासून. शेवटी बिछान्याजवळ आली. हॉरेसने फळी उचलून गुडघ्यावर तोलली. ती वाकली. खूप वेळ वाकलेली होती. मग सरळ होऊन कडेला बसली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मला काही वास येत नाही."

मी हॉरेसकडे पाहिलं. मला टाळी वाजवावीशी वाटत होती.

हॉरेसने फळी खाली ठेवली. "येतोय," तो म्हणाला.

"मी म्हणते ना, नाही येत."

"म्युरिएल, येतोय. बंब फुटलाय. खालचं लाकूड ओलं आहे. वरून वाळलंय, आत ओलंच आहे."

"मेल्या, मी तुला ऑबनला न्यायला निघालेय आणि हा मला वास दाखवतोय!"

"मी दमलो गं," हॉरेस म्हणाला.

त्याने हे वाक्य इतक्या साध्या आवाजात म्हटलं की क्षणभर मला कळलंच नाही काय ऐकलं ते. पन्नास वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. राजवाड्याखालीही नाही.

"अजून एक हिवाळा मला नाही जमायचा," तो म्हणाला. "तुला वास येत नाही म्हटलंस तर ही राहील. राहिली तर ऑक्टोबर येईल."

माझ्याने राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. चहा, कॅन, रीत, माझी ओली बाही, सगळं. जरा जास्तच हातवारे करून सांगितलं असेन, सवय जात नाही.

"मला माहीत आहे," म्युरिएल म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दर रविवारी काचांवर वाफ धरायची. दोन महिने. मी तिथे सिंकपाशी उभी. त्या खिडकीतून मला दुसरं दिसतं काय?" ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही, पर्सची कडी उघडझाप करत होती. "दोघं आत चहा पीत बसायचे. वाटायचं, आता दार उघडेल, कुणीतरी हाक मारेल, म्युरिएल, येतेस का? एकदाही मारली नाही."

"तू म्हणाली होतीस, मार्चपर्यंत पाय ठेवणार नाही," हॉरेस म्हणाला.

"म्हणाले होते. म्हणून हाकसुद्धा मारायची नाही?"

बाहेर एक समुद्रपक्षी छपरावर चालत होता, त्याच्या पायांचा टिकटिक आवाज येत होता. हॉरेस तिच्या शेजारी बसला. मग मलाच कळलं की या प्रवेशात मी नाही, आणि मी पायरी उतरून बाहेर आले.

अर्ध्या तासाने दोघं बाहेर आले. म्युरिएलने निकाल सांगितला, पुन्हा मलाच साक्षीला धरून. "विकायची. ऑक्टोबरच्या आधी. पण मे महिन्यात ऑबन. बंब नसला तर नसला, मी काय गरम पाण्यात जन्मले नाही. आणि गादी घरची घेणार."

ते गेले. कार्ड आलं, मागच्या बाजूला हॉरेसचं सुतारी अक्षर: पोचलो. पाऊस. समुद्र आपल्यासारखाच, पण डोंगर आहेत. खाली म्युरिएलचं: पाय गार, चहा बरा. परत यायची घाई नाही. तीन आठवड्यांऐवजी ते पाच आठवडे राहिले. परत आल्यावर हॉरेस बारीक झालेला होता, आणि म्युरिएल खोकत होती, पण थोडीच. कसं झालं विचारलं, तर म्हणाली, "खड्डे फार."

सप्टेंबरच्या शेवटी चॉर्ली गावचा, घरांची छपरं बसवणारा एक छप्परवाला आणि त्याची बायको डचेस घ्यायला आले. त्यांना जुन्या गाड्या दुरुस्त करायचा नाद होता. हॉरेसने त्यांना दोन तास सगळं दाखवलं. बंब फुटलेला आहे आणि लाकूड आतून ओलं आहे, हे सगळ्यात आधी. मग पाचरी, पहार, खडू, लाकडी चमचा. वाडगे म्युरिएलने परत घेतले.

पाणी मात्र आम्हीच काढायचं ठरलं. या वेळी चावी छप्परवाल्याने उघडली, त्याचे गुडघे चांगले होते. सगळे नळ उघडे टाकले. हॉरेस चाकावर बसला, शेजारी म्युरिएल चढली, मांडीवर थर्मास. मी दारात उभी राहिले. गाडी त्या खडबडीत रस्त्याने बांधाकडे गेली, धडधडत, आणि तिच्यामागे रस्त्यावर पाण्याची रेघ उमटत गेली. बांधापाशी गाडी थांबली. दिसत काही नव्हतं, पण ते चहा घेत असणार. काचांवर वाफ धरली नसणार, घरचा चहा होता तो.

परत आल्यावर छप्परवाल्याच्या बायकोने किटली हातात घेऊन विचारलं, "रस्त्यात लागलं तर म्हणून टाकीत थोडं पाणी ठेवू का? चहापुरतं?"

"नको!" म्युरिएल आणि मी एका आवाजात ओरडलो. बिचारी दचकली.

हॉरेसने कपाटाच्या दारावर पेन्सिलीने शेवटची तारीख लिहिली. पेन्सिल त्या बाईच्या हातात दिली. मग डचेस गेली.

आम्ही घरात आलो. हॉरेस खुर्चीत बसला, बूट न काढता. म्युरिएल सिंकपाशी उभी राहिली आणि एकदम डोळ्यांवर हात धरला. खिडकीतून सगळं स्वयंपाकघर भरून ऊन आलं होतं. दोन शेतं, बांध, त्यापलीकडे समुद्राची करडी पट्टी, आणि सगळा उजेड तिच्या तोंडावर.

"अगं बाई," ती म्हणाली, "काहीच दिसत नाही की. हॉरेस, इथे पडदा लावायला हवा."

"लावू," हॉरेस म्हणाला, डोळे मिटून. "उद्या."